जुन्या घराची विचारपूस: आधी ओल, मग ओटा

दसरा जवळ आला की जुन्या घरांत राहणाऱ्यांची पत्रं वाढतात. पावसाळ्यात भिंतींनी जे दाखवायचं ते दाखवलेलं असतं, आणि पुढे सात-आठ महिने कोरडे मिळणार असतात. या वेळची बहुतेक पत्रं स्वयंपाकघर आणि जेवायच्या जागेबद्दल आहेत, म्हणून सगळी जागा त्यांनाच दिली आहे. पहिलं उत्तर लांबलं, कारण वाईच्या ताईंनी जे विचारलं तेच थोड्याफार फरकाने कराड, जुन्नर आणि पैठणहून आलेल्या पत्रांतही होतं.

प्रश्न: ताई, आमचं घर वाईत, घाटाजवळच्या आळीत. सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेलं. खाली दगड, वीट आणि माती, वर लाकूड आणि कौलं. वाडा म्हणावा एवढं मोठं नाही. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि वर एक माडी. स्वयंपाकघर नऊ फूट बाय अकरा. परसाकडच्या भिंतीला पूर्वी कधीतरी सिमेंटचा गिलावा करून चार फुटांपर्यंत टाइल्स लावल्या. आता टाइल वाजवली की पोकळ आवाज येतो, टाइल्सच्या वर गिलाव्याचे पोपडे निघतात आणि पांढरी भुकटी पडते. इंटिरिअरवाले म्हणतात, भिंतीला केमिकल मारू, त्यावर पीव्हीसीचे पॅनल लावू, वर पीओपीचं सीलिंग करू आणि तिन्ही भिंतींना मॉड्युलर किचन बसवू. सासूबाईंना भिंतीतलं फडताळ, कोनाडे आणि चूल यांना हात लावू द्यायचा नाही. साडेतीन लाख जमवले आहेत. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, वाई)

उत्तर: ताई, सुरुवात परसातून करा. स्वयंपाकघराला अजून हातच लावू नका.

तुमच्या भिंतीत मातीचा लेप आणि भाजलेल्या, पण मऊ विटा आहेत. अशी भिंत जमिनीतलं पाणी थोडंथोडं वर ओढत असतेच. पूर्वी तिच्यावर चुन्याचा किंवा मातीचा गिलावा होता, त्यातून ते पाणी रोजच्या रोज हवेत उडून जायचं. भिंत ओलसर व्हायची आणि वाळायची, कोणाच्या लक्षातही यायचं नाही. सिमेंट आणि टाइल्सनी ती वाट बुजवली. मग पाणी टाइल्सच्या मागून चढत चढत वर जातं आणि जिथे टाइल्स संपतात तिथे बाहेर येतं. येताना मातीतले क्षार घेऊन येतं, तोच तुमचा पांढरा लोणा. इंटिरिअरवाल्यांनी सुचवलेलं केमिकल आणि पॅनल लावलं तर पाणी आणखी वर जाईल, आणि त्या भिंतीत वर तुळयांची टोकं बसलेली आहेत. सागवानाचं टोक भिंतीत कायम ओलं राहिलं तर ते कुजतं, वाळवीही तिथूनच शिरते. पॅनल आणि पीओपीच्या आड हे सगळं वर्षानुवर्षं दिसणार नाही. म्हणून मी त्या दोन्ही गोष्टींना स्पष्ट नाही म्हणते.

आता परसात काय पाहायचं. परसातली जमीन आणि घरातली जमीन यांच्या पातळ्या मोजा. जुन्या घरांना चांगलं उंच जोतं असतं, पण दर दहा-वीस वर्षांनी कोणीतरी परसात भर टाकतं, कोबा करतं, आणि जोतं गाडलं जातं. बाहेरची पातळी आतल्या फरशीपेक्षा निदान सहा ते आठ इंच खाली हवी आणि तिचा उतार भिंतीपासून लांब हवा. कोबा भिंतीला टेकलेला असेल तर भिंतीलगतची दीड-दोन फुटांची पट्टी फोडून तिथे खडी भरा. कौलांचं पाणी कुठे पडतं ते पाहा. पन्हळ नसेल तर पागोळ्यांचे शिंतोडे भिंतीच्या पायाशी उडत राहतात. शेवटी मोरी. मोरीचा वापर आठवडाभर बंद ठेवा आणि ओलीच्या वरच्या कडेवर पेन्सिलीने रेघ मारा. ओल रेघेच्या खाली सरकली तर गळती मोरीत आहे. ही तपासणी पाऊस पूर्ण थांबल्यावरच करा, नाहीतर काहीच कळणार नाही.

पाण्याचा बंदोबस्त झाला की दिवाळीनंतर टाइल्स आणि सिमेंटचा गिलावा काढायचा. ओलीच्या रेघेच्या वर आणखी फूटभर काढा. छिन्नी आणि हातोड्यानेच काढायला सांगा. ब्रेकर लावू देऊ नका; त्याच्या हादऱ्याने विटांमधली माती गळते आणि कोनाड्यांच्या कमानी सुटतात. भिंत उघडी झाली की लोणा कोरड्या ब्रशने झाडून, गोळा करून घराबाहेर टाका. पाण्याने धुतला तर विरघळून परत आत जाईल. मग भिंत तशीच उघडी राहू द्या. फेब्रुवारीपर्यंत. घरात रोजचा स्वयंपाक असताना उघड्या विटांकडे बघत राहणं नकोसं होतं हे मला ठाऊक आहे, पण या तीन महिन्यांचं काम कोणत्याही केमिकलने होत नाही.

गिलावा चुन्याचाच करा. कळीचा चुना पाण्यात विरवला की तो उकळल्यासारखा तापतो. ते काम मुलं आसपास नसताना आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच व्हायला हवं. विरलेला चुना पाण्याखाली निदान दोन-तीन आठवडे मुरू द्यावा, जास्त मुरला तर उत्तमच. एक भाग चुना आणि तीन भाग चाळलेली वाळू हे नेहमीचं प्रमाण. वाळूतला थोडा भाग कमी करून विटांची सुरखी, म्हणजे बारीक पूड, घातली तर ओलसर भिंतीवर गिलावा लवकर धरतो. पूर्वी बैलांच्या घाणीवर चुना मळत, त्यात हिरडा आणि गूळ भिजवलेलं पाणी घालत. तुमच्या भागात अजून असा चुना करणारे गवंडी मिळाले तर त्यांना हातचं जाऊ देऊ नका. गिलावा एका वेळी आठ-दहा मिलिमीटरपेक्षा जाड नको. पहिला हात आवळला की मग दुसरा. आणि सिमेंटवर मारतात तसा पाण्याचा पाइप मारायचा नाही, आठवडाभर पाण्याचा बारीक फवारा मारून तो दमट ठेवायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा दगड होतो, त्याला वेळ लागतो. गवंडी घाई करू लागले की तुम्ही मध्ये पडा. वरून चुन्याची सफेदी, ताकासारखी पातळ, चार-पाच हात. ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट लावला तर केलेलं सगळं वाया जाईल.

फोडणीचे शिंतोडे उडतात त्याचं काय, हा पुढचा प्रश्न येणारच. ओटा त्या भिंतीवरून हलवा. माजघराच्या बाजूची आतली भिंत कोरडी आहे असं तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून दिसतं, ओटा तिथे घ्या. शेगडीच्या मागे तेवढ्याच रुंदीचा स्टीलचा पत्रा, दोन फूट उंच, भिंतीपासून इंचभर पुढे खुंट्यांवर बसवा. पत्रा काढून घासता येतो आणि मागची भिंत मोकळी राहते. फोडणीची वाफ बाहेर जायला परसाच्या भिंतीत वर, छताच्या जवळ झरोका असेल. बहुतेक घरांत तो होता आणि कोणीतरी बुजवला. तो उघडून तिथे एक्झॉस्ट फॅन बसवा.

ओटा कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा करा, खाली उभ्या कडप्प्याच्या पट्ट्या आणि स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड या घरात आणूच नका, एका पावसाळ्यात फुगतात. ट्रॉल्यांच्या मागे दोन इंच आणि खाली चार-सहा इंच मोकळं ठेवा, म्हणजे झाडू जाईल आणि हवाही जाईल. कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड आहे, लिंबू, चिंच, कोकम सांडून राहिलं तर त्यावर पांढुरके डाग पडतात. ग्रॅनाइटला तो त्रास फारसा नाही. मला स्वतःला कडप्पा आवडतो, पण आमसुलाचं सार रोज होत असेल तर ग्रॅनाइट घ्या. ओट्याची उंची मात्र कॅटलॉगमधून घेऊ नका. जी व्यक्ती सर्वांत जास्त वेळ उभी राहणार तिने कोपर दुमडून उभं राहावं, कोपरापासून चार-पाच इंच खाली ओटा. सासूबाई आणि तुमच्या उंचीत फरक असेल तर ओट्याचा एक तुकडा दोन इंच खाली घ्या, त्यावर कणीक मळता येईल, पोळ्या लाटता येतील.

सासूबाईंचं म्हणणं मला पटतं. फडताळ काढलं तर तिथे भिंतीची जाडीच उरत नाही, आणि तसं सागवान आज त्या पैशांत मिळायचं नाही. त्याच्या बिजागऱ्या बदला, आतून चुना लावा. धान्य आणि डाळी तिथे ठेवू नका, पितळी डबे, बरण्या आणि काचेचं सामान ठेवा. कोनाडे उघडेच राहू द्या. चुलीबद्दल मात्र त्यांच्याशी शांतपणे बोलावं लागेल. नऊ बाय अकराच्या बंद खोलीत पेटती चूल आणि गॅसचा सिलिंडर एकत्र ठेवणं धोक्याचं आहे. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत पसरतो आणि चुलीतल्या निखाऱ्यापर्यंत पोचतो. मागच्या पडवीत, छपराखाली, जुन्या चुलीचेच दगड नेऊन वैलासकट (चुलीच्याच आचेवर चालणाऱ्या बाजूच्या तोंडासकट) चूल मांडून द्या. भाकरी, वांग्याचं भरीत, सणाचं पुरण तिथे होईल. जागा कोणती ते त्यांनाच ठरवू द्या.

छताचा कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्या, काजळीने काळा झाला असेल. आधी कोरड्या ब्रशने झाडा, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात पिळून काढलेल्या फडक्याने थोडाथोडा भाग पुसा. लाकूड भिजता कामा नये. पूर्ण वाळलं की जवसाच्या तेलाचा एक पातळ हात द्या. एक सूचना फार महत्त्वाची: जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा अंगणात उघडी पसरून वाळवा.

वायरिंग नवीनच करा, आणि ते गिलाव्याच्या आधी ठरवा. मातीच्या भिंतीत खाचा पाडण्यापेक्षा वायर भिंतीवरून पाइपात नेलेली बरी. मिक्सर, फ्रिज आणि इंडक्शन यांना वेगळी लाइन, सोळा अँपियरच्या पॉइंटला निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, चांगलं अर्थिंग आणि तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच. ओलसर भिंतीच्या घरात हा आरसीसीबी जीव वाचवतो, त्यावर एक रुपयाही वाचवू नका.

साडेतीन लाखांपैकी निम्मे परस, भिंत आणि वीज यांत जातील असं धरून चाला. उरलेल्यांत ओटा, ट्रॉल्या आणि पडवीतली चूल बसते. वरची कपाटं पुढच्या वर्षी करा. तोपर्यंत भिंतीने एक पावसाळा पाहिलेला असेल, कुठे खिळा मारायचा आणि कुठे नाही हे तीच सांगेल.

प्रश्न: आम्ही पुण्यात कसबा पेठेत वाड्याच्या आमच्या वाटच्या भागात राहतो. स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्या मधलं माजघर दहा बाय बारा आहे, त्याला खिडकी नाही. तिथे जेवणाची खोली करायची आहे. सहा जणांचं टेबल ठेवलं की हलायला जागा राहत नाही. स्वयंपाकघराची मधली भिंत पाडून ओपन किचन करावं का? घरात आईंचे गुडघे दुखतात, मुलगी आठ वर्षांची आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर: ती भिंत पाडण्याच्या आधी तिच्यावर काय टेकलं आहे ते कळलं पाहिजे. वाड्यात खांब, तुळया आणि हस्त (खांबावर तुळईला आधार देणारे लाकडी तुकडे) यांचा लाकडी सांगाडा वजन घेतो आणि मधली वीट नुसती भरलेली असते, असं सगळे सांगतात. बऱ्याच ठिकाणी ते खरंही आहे. पण मधल्या काळात खांब कुजला म्हणून काढून टाकलेला आणि तुळई सरळ विटेवर टेकवलेली, असंही अनेक घरांत दिसतं. वाटण्या झालेल्या वाड्यात तर वरचा मजला दुसऱ्याचा असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला आणून दोन्ही बाजूंचा गिलावा थोडा खरवडून खांब कुठे आहेत ते पाहा. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर परवानगी आधी, काम नंतर.

माझं मत विचाराल तर भिंत पाडू नका. दोन खांबांच्या मधल्या भरावात, ओट्याच्या उंचीपासून वर, तीन-चार फूट रुंद खिडकी काढा. तिथून ताटं, भांडी, गरम पोळी सगळं पलीकडे देता येतं, स्वयंपाक करणारी व्यक्ती बोलण्यात सामील राहते आणि फोडणीचा धूर पुढच्या खोलीपर्यंत जात नाही. माजघर स्वयंपाकघराला चिकटून असायचं ते याच कारणाने. पंगत तिथेच बसायची आणि वाढणारी दारातून चार पावलांत शेवटच्या पानापर्यंत पोचायची. पुढची खोली पाहुण्यांची, आणि घरच्यांचं जेवण मात्र आत, उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार अशा खोलीत. ज्याने तुमच्या घराची आखणी केली त्याने जेवणाची जागा आधीच बरोबर निवडून ठेवली आहे.

उजेडाचं दुखणं खरं आहे. वर माडी नसेल आणि कौलं असतील तर दोन-तीन काचेची कौलं बसवा. एवढ्या स्वस्तात एवढा उजेड दुसऱ्या कशाने येत नाही. वर माडी असेल तर चौकाकडच्या दाराच्या वरची फळी काढून तिथे काच किंवा लाकडी जाळी घाला. भिंती चुन्याने पांढऱ्या करा, गेरूचा पट्टा खाली फूटभर ठेवा, पाटा-खुर्च्यांचे ओरखडे त्यात दिसत नाहीत. दिवा छताला ट्यूबलाइट म्हणून लावू नका. टेबलाच्या पृष्ठापासून साधारण तीस इंचांवर टांगलेला एकच पिवळसर दिवा, सत्तावीसशे केल्व्हिनचा, आणि कोनाड्यांत दोन बारीक दिवे. पांढऱ्याफटक उजेडात आमटीचा रंगसुद्धा मेल्यासारखा दिसतो.

आता टेबल. एका माणसाला जेवायला दोन फूट रुंदी लागते आणि खुर्चीच्या मागून दुसऱ्याला जायचं तर तीन फूट. तुमच्या दहा फुटी खोलीत दोन्ही बाजूंना खुर्च्या ठेवून ते बसत नाही. एका बाजूला भिंतीलगत लांब बाक करा, खाली उघडणारं झाकण, आत पाट, चटया आणि दिवाळीची भांडी राहतील. अडीच बाय चार फुटांचं टेबल त्या बाकाला लावा, त्याला एका बाजूने उघडणारी दीड फुटाची फळी हवी. रोज चौघं, पाहुणे आले की सहा. आईंसाठी बाक नको, त्यांना हात असलेली खुर्ची द्या, उठताना आधार लागतो. बसायची उंची सतरा-अठरा इंच ठेवा, त्याहून खाली गेलात तर गुडघ्यांना त्रास होईल.

आणि टेबल बाजूला सरकेल असंच घ्या. मुलीला वर्षातून चार-सहा वेळा तरी पाटावर बसून जेवू दे. ताटाभोवती रांगोळी, वर मीठ आणि लिंबाची फोड, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये वरण-भाताची मूद, हे तिला टेबलावर शिकवता येणार नाही. आई खुर्चीवर बसतील, त्यांच्यासमोर चौरंगावर ताट. कोणाचा मान कमी होत नाही.

उंबऱ्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण फोटोत तो चार इंच उंच दिसतो. काढू नका, त्यात चौकट बसलेली आहे. त्याच्या कडेला पांढरी रेघ मारा, शेजारी पायाच्या पातळीवर रात्रभर जळणारा छोटा दिवा लावा, आणि आईंच्या हाताला येईल असा एक दांडा चौकटीवर बसवा.

प्रश्न: आमचं घर गुहागरजवळ, जांभ्याचं. स्वयंपाकघर आणि माजघर अजून शेणाने सारवतो. आता माणसं कमी, सारवणं होत नाही. मुलं म्हणतात, सगळीकडे व्हिट्रिफाइड टाइल्स घालू. तुमचं काय मत? (एक वाचक, गुहागर तालुका)

उत्तर: व्हिट्रिफाइड टाइल्स कोकणात पावसाळ्यात घामेजतात. दमट हवा गार गुळगुळीत टाइलवर बसते, आणि ओल्या पायाने मागच्या दारातून आत येणारा माणूस घसरतो. ज्या घरात वयस्क माणसं एकटी राहतात तिथे मी त्या घालू देत नाही.

स्वयंपाकघरात लाल कोबा करा. जमीन चांगली चोपून, खाली जांभ्याचे तुकडे आणि चुना-सुरखीचा थर, वर लाल ऑक्साइड मिसळलेला बारीक थर, थापीने घोटून गुळगुळीत केलेला. घोटणारा गवंडी जुना आणि जाणता असावा, सगळं त्याच्या हातात असतं. महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचा अगदी पुसटसा हात फिरवून कोरड्या फडक्याने घासला की रंग खुलत जातो. माजघरात थोडी नक्षी हवी असेल तर सिमेंटच्या रंगीत टाइल्स पाहा, आपल्या आजोळच्या घरांत असायच्या तशा. त्या भट्टीत भाजत नाहीत. लोखंडी साच्यात रंगीत सिमेंटचा थर ओतून दाबाखाली घट्ट करतात, म्हणून नक्षी वरवरची नसते आणि वर्षानुवर्षं झिजूनही टिकते. मुंबईत भारत टाइल्सने स्वदेशीच्या काळात, १९२२ मध्ये, त्या बनवायला सुरुवात केली. आजही त्यांच्या आणि इतरांच्याही तशा टाइल्स मिळतात. तुमच्या मंगळुरी कौलांसारखीच ही वस्तूसुद्धा आपल्या किनाऱ्यावर बाहेरून आली आणि इथलीच झाली. मंगळुरात कौलांचा कारखाना जर्मन मिशनऱ्यांनी १८६० च्या दशकात काढला, त्याआधी कोकणात गवत किंवा कुंभाराची नळीची कौलं होती.

जांभ्याच्या भिंतीला आतून ऑइल पेंट लावला असेल तर तो खरवडून काढा. जांभा खाणीत मऊ असतो, हवेत येऊन कडक होतो, त्याला हवा लागत राहिलीच पाहिजे. आतून नुसती चुन्याची सफेदी द्या.

आणि पडवी शेणाचीच राहू द्या. सारवायला तेवढीच जागा राहिली तर एका माणसाला अर्ध्या तासात होते. अंगणातून आल्यावर पहिलं पाऊल त्या जमिनीवर पडतं, ते मुलांना आवडेल, आता नाही म्हणाली तरी.

प्रश्न: आजोबांच्या वेळच्या शहाबादी फरशीवरचे डाग काढायला बाईंनी ॲसिड टाकलं. फरशी पांढुरकी आणि खरखरीत झाली. काय करू? तसंच आजीची पितळी भांडी माळ्यावरून काढली आहेत, ती स्वयंपाकाला वापरता येतील का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: शहाबादी हाही चुनखडीचाच दगड, ॲसिडने त्याचा वरचा पापुद्रा खाल्ला. तो परत येत नाही, पण पॉलिशवाल्याकडून पाण्यावर चालणाऱ्या मशीनने घासून घेतला तर खालचा दगड बाहेर येतो. फार बारीक चकचकीत पॉलिश नको, स्वयंपाकघरात घसरायला होईल. पुढे साध्या साबणाचं पाणी, आणि तेलाच्या डागावर बेसन किंवा खडूची पूड रात्रभर पसरून सकाळी झाडून टाका. घरातली ॲसिडची बाटली आजच बाहेर काढा. टाकताना ॲसिडची वाफ श्वासात जाते, तेही वाईटच.

पितळी पातेली, कढया, तपेली आतून कल्हई केल्याशिवाय स्वयंपाकाला वापरू नका. ताक, चिंच, टोमॅटो, आमसूल यांनी पितळ आणि तांब्यातला अंश पदार्थात उतरतो, आमटी कळकते आणि पोटाला त्रास होतो. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर फिरवून आतला मळ सोडवतो आणि कथील वितळवून कापसाच्या बोळ्याने आत पसरतो. क्षणात सगळं भांडं चांदीसारखं होतं. सोलापुरात तुम्हाला तांबट शोधून मिळेल. कथील शुद्धच वापरायला सांगा, शिसं मिसळलेलं नको. कल्हई केलेल्या भांड्यात लोखंडी डाव फिरवू नका, लाकडी घ्या, आणि रिकामं भांडं मोठ्या आचेवर ठेवू नका, कल्हई वितळून गोळा होते. आतला पिवळा धातू दिसू लागला की पुन्हा कल्हई. ज्यांना कल्हई करायची नाही ती भांडी पाणी भरायला, डाळ-तांदूळ ठेवायला वापरा. माळ्यावर परत टाकू नका.

पुढच्या वेळी न्हाणीघर आणि मोरी यांचे प्रश्न घेणार आहे. पत्र पाठवताना खोलीची लांबी-रुंदी, भिंतीची जाडी, भिंत कोणत्या दिशेची आहे, ओल कोणत्या महिन्यात दिसते आणि घर शेवटचं कधी रंगवलं हे जरूर कळवा. फोटो पाठवलात तर शेजारी फूटपट्टी उभी धरा. घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाला विचारून भिंतीत पूर्वी काय काय होतं तेही लिहा. बुजवलेला झरोका, भरलेलं बळद (धान्य साठवायची भिंतीतली पोकळी), हलवलेली मोरी हे त्यांनाच आठवतं, आणि माझं निम्मं उत्तर त्यावर ठरतं.